शाळेचा डबा: लहान सुट्टीत काय, मोठ्या सुट्टीत काय

खानापूरकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा तिसरीत, बेळगावच्या शाळेत जातो. सकाळी चहा-खारी खाऊन साडेसातची बस पकडतो. डबा साडेसहालाच भरून होतो, पण मोठी सुट्टी दुपारी एकला. उन्हाळ्याच्या तोंडावर दहीभात आंबतो, चपाती-भाजी निम्मी परत येते, आणि पाच वाजता घरात पाऊल टाकल्याबरोबर पाकिटातलं काहीतरी मागतो. टिकेल आणि पोटाला आधार देईल असं काय द्यावं? धाकटी चार वर्षांची आहे, ती यंदा बालवाडीत जाणार, तिच्या डब्याचंही सांगा, असं त्यांनी लिहिलं आहे.

ताई, आधी मुलाचा दिवस घड्याळाशी लावून बघा. रात्री साडेआठला जेवला असेल तर सकाळपर्यंत अकरा तास होतात. त्यावर पोटात जाते ती चहा-खारी, म्हणजे मैदा, डालडा आणि साखर. शाळा भरून प्रार्थना होते न होते तोवर तिचा जोर संपलेला असतो. साडेदहाच्या लहान सुट्टीत मुलाला दिवसातली सगळ्यात खरी भूक लागलेली असते, आणि नेमकी तेव्हा त्याच्या हातात चार बिस्किटं असतात. ती भूक बिस्किटांनी मारली जाते. एक वाजता डबा उघडतो तेव्हा चपाती गार, भाजी गार, मैदानावर खेळ सुरू झालेला. अशा वेळी निम्मा डबा परत आला तर त्यात मुलाचा हट्टीपणा शोधू नका, आणि तुमच्या हाताच्या चवीतही काही कमी नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की दिवसाचा भार लहान सुट्टीच्या डब्यावर टाका. बेळगावात आणि आसपासच्या गावांत मुलांच्या आहाराचं काम मी बरीच वर्षं करते आहे. डबा परत येतो ही तक्रार घेऊन जे पालक येतात त्यांना मी मोठ्या डब्याकडे बघायच्या आधी लहान डब्यात काय असतं ते विचारते. बहुतेक घरांत तो डबा ‘खाऊ’ म्हणून भरला जातो. तो जेवण म्हणून भरायला हवा, आणि मोठ्या सुट्टीचा डबा त्यामानाने साधा, थोडका असला तरी चालतो.

आता थोडे आकडे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1700 किलोकॅलरी आणि 23 ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमचा मुलगा साडेसात ते पाच घराबाहेर असतो, म्हणजे नाश्ता आणि दोन डबे मिळून यातला निम्मा वाटा उचलायला हवा. दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी यातून प्रथिनं सहा-सात ग्रॅमच मिळतात, आणि तीही पूर्ण संपवली तर. तीस ग्रॅम शेंगदाण्यातून, म्हणजे मोठ्यांच्या एका मुठीतून, सात ग्रॅमच्या वर मिळतात. तेवढ्याच फुटाण्यांतून सहा. मुलाला दीड-दोन तासांनी परत भूक लागते की तीन-साडेतीन तास निघतात, हे बरंचसं प्रथिनं, चोथा आणि थोडी स्निग्धता यांवर ठरतं. आपल्या भागात यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही.

लहान सुट्टीसाठी मी सगळ्यात जास्त सुचवते ती झुणक्याची वडी. एका वाटी बेसनाला दीड वाटी पाणी, फोडणीत लसूण, जिरं, मुलाला झेपेल इतकं तिखट. मंद आचेवर घोटत राहायचं, गोळा कढईच्या कडा सोडू लागला की तेल लावलेल्या ताटलीत थापायचा आणि पूर्ण गार झाल्यावर वड्या पाडायच्या. वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर भुरभुरायची आपली सवय आहे, डब्याच्या वडीला ती नको. ओल्या खोबऱ्यामुळे चांगली वडी दुपारच्या आत खराब होते. चार वड्या आणि अर्धी चपाती गुंडाळून दिली तर मूल उभ्याउभ्या, हात फारसे न बरबटवता खातं. लहान सुट्टी दहा-पंधरा मिनिटांची असते, त्यामुळे हेही महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट दशमी. आपल्या आज्या प्रवासाला निघताना दुधात पीठ मळून दशम्या करायच्या. पाण्याऐवजी दूध घातल्यामुळे दशमी मऊ राहते, आणि चांगली भाजून कोरडी केली की दिवसभर सहज टिकते. गूळ विरघळवलेल्या दुधात ज्वारी-गव्हाचं पीठ मळा, भाजताना तूप लावा, आणि सोबत शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी तुपात कालवून द्या. थालीपीठही तसंच. भाजणीत हरभरा, उडीद असतात, त्यामुळे ते नुसत्या चपातीपेक्षा जास्त आधार देतं. फक्त कांदा घालायचा तर बारीक चिरून, आणि थालीपीठ चांगलं खरपूस होईपर्यंत भाजायचं. आतून ओलसर राहिलेलं थालीपीठ डब्यात चिकट होतं.

शेंगदाणा-गुळाचा लाडू, नाचणीचा लाडू, शेंगदाण्याची पोळी, आप्पे, हे आलटून पालटून. गोकाकचं करदंट घरात असेल तर एक छोटा तुकडा चालेल. खोबरं, डिंक, सुकामेवा, सगळं त्यात आहे, पण गूळही भरपूर आहे आणि दातांना चिकटतं, म्हणून वर पाणी प्यायला सांगा. कुंदा मात्र घरी बसून खायचा पदार्थ. आटवलेल्या दुधाचा आहे, तापलेल्या दप्तरात तो तासन् तास ठेवू नये.

आता आंबण्याविषयी, आणि यात मला भाताबद्दल जरा जास्त बोलायचं आहे.

रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकून डब्यात देणं हा आपल्याकडे घराघरांतला रिवाज आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, आणि ते भात शिजवताना मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर झाकून राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं हे विष फोडणीच्या आचेने नष्ट होत नाही. भाताला वास येत नाही, चव बिघडत नाही, आणि खाल्ल्यानंतर एक ते सहा तासांत मूल उलट्या करू लागतं. घरचे म्हणतात ऊन लागलं, बस लागली. अशा मुलांना आदल्या रात्री काय शिजलं होतं हे मी विचारते, तेव्हा फोडणीचा भात पुष्कळदा निघतो. रात्रीचा भात वापरायचाच असेल तर जेवणं झाल्यावर तासाभरात ताटात पसरून गार करा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा, आणि सकाळी वाफ येईपर्यंत सगळीकडून नीट गरम करा. इतकं करूनही तो सकाळी घरीच खायला घाला, डब्यात नको, कारण पुढचे सहा तास त्याला पुन्हा तीच ऊब मिळणार. ज्या घरी फ्रिज नाही तिथे उरलेला भात मुलाच्या डब्यात घालूच नये. येळ्ळूरच्या बासमतीचा सुवासिक भात असला तरी त्याला हाच नियम.

दहीभात द्यायचाच तर सकाळी ताजा भात शिजवून, पूर्ण गार करून, त्यात गार दूध घालायचं आणि विरजणापुरतं दही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र तोही बंद. आपल्याकडे बेळगाव-खानापूरची पावसाळी हवा आणि अथणी-रायबागकडचं ऊन यांत फार फरक आहे. जूनमध्ये खानापुरात जे टिकतं ते मार्चमध्ये अथणीला टिकणार नाही.

अन्न राखण्याचा साधा हिशेब असा, की 5 ते 60 अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू भराभर वाढतात. भात, डाळ, दूध, पनीर, अंडी, मटण-मासे यांना या टप्प्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर गेली की एकच तास. हा नियम ओल्या पदार्थांना लागू होतो. ज्यात पाणी कमी, मीठ-गूळ-तेल जास्त, किंवा आंबटपणा आहे, ते पदार्थ जास्त टिकतात. लाडू, दशमी, कोरडी चटणी, कडक भाकरी, न कापलेलं फळ यांना सहा तासांनी काही होत नाही. पातळ उसळ, रसभाजी, ओल्या खोबऱ्याची चटणी, नासण्याच्या बेतात आलेलं दूध घातलेला शिरा यांचा भरवसा धरू नये. मधल्या गटात परतलेल्या भाज्या येतात. मोठ्या सुट्टीसाठी भाजी द्यायची तर भेंडी, गवार, कोबी, घेवडा अशी, सकाळी ताजी केलेली आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत परतलेली. वरून लिंबू पिळा. त्याने चव राहते, आणि धान्य-भाजीतलं लोहही अंगी लागतं. बटाट्याची भाजी करायची असेल तर बटाटे सकाळी उकडा. रात्री उकडून बाहेर ठेवलेले वापरू नका. मार्चपासून भाजीही बंद करून चटणी, झुणक्याची वडी, मेथीच्या पुऱ्या यांवर या.

इडली डब्यासाठी चांगली, आंबवलेली असल्यामुळे दुपारपर्यंत टिकते. सोबत खोबऱ्याच्या चटणीऐवजी शेंगदाणा चटणी तेलात कालवून तिला लावूनच द्या. उप्पीट मात्र गार झालं की घशाखाली उतरत नाही, ते नाश्त्याला करा.

गरम जेवणच द्यायचं असेल तर आतून स्टीलचा, दुहेरी भिंतीचा थर्मासचा डबा घ्या. त्यात आधी उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवा, ते ओतून टाका आणि लगेच वाफाळती खिचडी काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. एक वाजता उघडल्यावर वाफ निघायला हवी. कोमट निघत असेल तर तो डबा त्या वेळेपर्यंत गरम राखत नाही असं समजा आणि त्यात ओलं अन्न देणं थांबवा. साध्या स्टीलच्या डब्यात उलटं करावं लागतं: चपाती-भाजी ताटलीत पसरून पंख्याखाली पूर्ण निवू द्या, मग झाकण लावा. गरमागरम भरून झाकण लावलं की आत घाम धरतो, तेच पाणी चपातीवर पडतं आणि भाजीही लवकर उतरते. तुम्ही साडेसहाला भरता आणि बस साडेसातला आहे. भाजी-चपाती लवकर करा हवी तर, पण झाकण निघायच्या वेळीच लावा. उन्हाळ्यात पाण्याची एक छोटी बाटली रात्री फ्रीझरमध्ये गोठवून, जाड नॅपकिनात गुंडाळून डब्याला लागून ठेवली तर दुपारपर्यंत डबा गार राहतो आणि ते पाणी प्यायलाही होतं.

डब्याच्या झाकणातली रबराची रिंग रोज काढून धुवा. डब्याला कुबट वास येतो तो बहुधा तिथूनच. पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन पडत नाही, तेव्हा डबा आणि बाटली कोरड्या फडक्याने पुसून रात्रभर उघडी ठेवा. चपाती वर्तमानपत्रात गुंडाळू नका, छपाईची शाई अन्नाला लागते. धुतलेलं सुती फडकं सगळ्यात बरं. आणि एका छोट्या डबीत साबणाचा तुकडा द्या. शाळेच्या नळावर पाणी असतं, साबण असेलच असं नाही. पावसाळ्यात जुलाब आणि कावीळ पसरते ती पुष्कळदा पाण्यातून आणि हातांतून.

शेंगदाण्याबद्दल एक गोष्ट अगदी आवर्जून सांगते, कारण वर मी तो इतका सुचवला आहे. आपल्या दमट हवेत साठवणीच्या शेंगदाण्याला बुरशी धरते, आणि त्यातल्या एका बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक आहे, आणि घरच्या भाजण्याने ते पूर्ण जात नाही. म्हणून पावसाळ्यात पोतंभर शेंगदाणे भरून ठेवू नका, पंधरा दिवसांपुरते आणा. भाजायच्या आधी ताटात पसरून निवडा. सुरकुतलेले, काळपट, हिरवट झाक असलेले, बुरशी दिसणारे दाणे फेकून द्या, आणि चाखून कडू लागला तर तो घास थुंकून टाका. ‘चटणीत कुठं कळतंय’ म्हणून वाईट दाणे कुटात ढकलायची सवय मी अनेक घरांत पाहिली आहे. ती मोडली पाहिजे. कारळे, जवस, सुकं खोबरं यांच्या चटण्याही पावसाळ्यात आठवड्यापुरत्याच कुटा आणि कोरड्या चमच्याने काढा.

धाकटीसाठी वेगळे नियम आहेत. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे गोल तुकडे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात, आणि बालवाडीत प्रत्येक मुलाकडे लक्ष देणारं माणूस नसतं. तिला हेच सगळं कुटून, दळून द्या: शेंगदाण्याचं कूट घालून केलेला मऊ लाडू, फुटाण्याच्या पिठाचा तुपात केलेला लाडू, दशमीचे छोटे तुकडे, मऊ आप्पे. विजापूरकडची द्राक्षं येतील तेव्हा प्रत्येक द्राक्ष उभं चार भागांत कापा. तिचा डबा लहान ठेवा. चार वर्षांच्या मुलीला अर्धी दशमी आणि एक केळं पुरतं. तिला स्वतःला उघडता येईल असं झाकण आहे ना, हे घरी दोनदा करून बघा. घट्ट झाकणामुळे उपाशी राहिलेली मुलं मी बघितली आहेत. आणि कुठल्याही मुलाला शेंगदाणा किंवा तीळ खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असं झालं असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तो पदार्थ पुन्हा देऊ नका. बाईंनाही सांगून ठेवा, कारण मुलं डबे वाटून खातात.

नाश्त्याकडे वळू. चहा सोडवा, ताई. चहातल्या घटकांमुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, आणि या वयाला लोहाची गरज मोठी आहे. सकाळी वेळ नसतो हे मला माहीत आहे, म्हणून स्वयंपाकाचा व्याप न वाढवता होईल असं सांगते. नाचणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी पाच-सात मिनिटं शिजवून दूध-गूळ घाला. किंवा एक उकडलेलं अंडं आणि अर्धी भाकरी. घरी अंडं चालत असेल तर ते सकाळी घरीच खाऊ घाला, डब्यात तासन् तास ठेवू नका. एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे बस यायच्या आत दिवसाचा चौथा हिस्सा पोटात गेला.

ज्यांची मुलं गावच्या सरकारी मराठी शाळेत आहेत त्यांचं काम यात थोडं सोपं आहे. तिथे दुपारचं गरम जेवण मिळतं, 2013 पासून कर्नाटक सरकारच्या क्षीरभाग्य योजनेतलं दूध मिळतं, आणि अंडी, न खाणाऱ्यांना केळी. काही पालकांना शाळेतलं जेवण मुलाने खाणं कमीपणाचं वाटतं आणि ते वेगळा डबा देतात. मी त्यांना विनवून सांगते की मुलाला पंगतीत बसू द्या. ते जेवण ताजं आणि गरम असतं, सकाळी साडेसहाला भरलेला कुठलाही डबा त्याची बरोबरी करत नाही. अशा मुलाला फक्त लहान सुट्टीचा भक्कम डबा द्या.

आता पाच वाजताची भूक. लहान सुट्टीचा डबा बदलला की ती आपोआप थोडी कमी होईल, पण संपणार नाही, आणि संपायलाही नको. वाढतं मूल आहे. तो दारात आल्यावर ‘थांब, करते’ म्हणावं लागलं तर पाकीट जिंकतं, म्हणून काहीतरी तयार हवं. चिरमुऱ्यांचं भडंग करताना त्यात चिरमुऱ्यांच्या निम्मे शेंगदाणे-फुटाणे घाला, म्हणजे नुसती हवा खाल्ल्यासारखं होत नाही. नवरात्रापासून पुढे आपल्याकडे रताळ्यांचे ढीग लागतात. दुपारी दोन उकडून ठेवा, आल्यावर दुधात कुस्करून द्या, किंवा तव्यावर तुपात परतून. केळं आणि मूठभर शेंगदाणे हेही पूर्ण होतं. मोड आलेली मटकी द्यायची तर वाफवून द्या, कच्ची नको, मोड येण्याच्या ओलाव्यात जंतूही वाढतात.

पाकिटावर एकदम बंदी घालू नका, आठवड्यातला एक वार ठरवा आणि तो पाळा. पण शाळेच्या कँटीनमध्ये तेच विकत असतील तर पालकसभेत विषय काढायचा तुम्हाला अधिकार आहे. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त मीठ, साखर, चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. एकट्या आईने बोलायला संकोच वाटतो, चार जणी मिळून बोला.

सगळं एका आठवड्यात बदलू नका. पहिल्या सोमवारी फक्त लहान डबा बदला आणि मोठा आहे तसा ठेवा. परत येणाऱ्या डब्यात काय उरतं ते रोज मुलाला न रागावता बघा. मोठ्या डब्यातली एक चपाती उरू लागली तर एकच द्या, कारण ती जागा सकाळी झुणक्याच्या वडीने भरलेली असते. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा एकच डबा द्या, तो लहान सुट्टीचाच. महिन्या-दोन महिन्यांनीही तो दमलेला, फिकट दिसत असेल, नीट खाऊनही वजन वाढत नसेल, तर डबा बदलत बसू नका. डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासा, आणि राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत मिळालेली जंताची गोळी त्याने घेतली होती का, हेही त्याच्या बाईंना विचारून घ्या.